बांधी कोरडी ठेवा

केशोरी,
गुरुवार, १८ सप्टेंबर २०२५

चि. विरूस, आशीर्वाद उत्तर आल्यावर.

आज सकाळी सव्वासात वाजता तुझ्या सिमेंट कंपनीच्या माणसाने फोन करून आमच्या गावच्या सुमित्राबाईंना त्यांच्या शेतातल्या धानाच्या बांधीत पाणी घेऊ दिलं नाही. साचल्या पाण्यातून मिथेन वायू निघतो, चार दिवस कोरडं ठेवा, म्हणे. त्यांनी तळ्याच्या पाण्याची आपली पाळी शेजाऱ्याला देऊन टाकली. इथल्या रिवाजाप्रमाणे दिलेली पाळी परत मिळत नाही. आता पाणी पंधरा दिवसांनी, आणि धान पोटरीत आहे, लोंबी बाहेर पडायच्या बेतात.

"बाई, तुमच्या भावाची कंपनी म्हनून करारावर सही केली," त्या मला म्हणाल्या. "धान का फोनवर पिकून राह्यला?" मी त्यांना घेऊन पाणी समितीकडे विचारायला गेले.

माझी तब्येत बरी आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

देश शून्य उत्सर्जनावर पोचेल का, असं तू विचारलं होतंस. पोचेल, पण आधी तुमच्या सिमेंटच्या भट्ट्या बदला. भट्टीचा धूर तसाच सोडून त्याची भरपाई सुमित्राबाईंच्या बांधीतला वायू कमी दाखवून केलीत, तर शून्य फक्त तुमच्या अहवालात दिसेल.

पाणी घेऊ नका असं आपणच सांगितलं, हे कंपनीने लिहून दिलं तर पाणी समिती जादा पाणी द्यायला तयार आहे. गावातले केशोराव उद्या तुमच्या नागपूरला येताहेत, त्यांच्या हाती हे पत्र देते, कारण फोनवर तू "बघतो" म्हणतोस. समिती सोमवारी, २२ तारखेला, सकाळी अकराला बसते. त्याआधी सही-शिक्क्याचं लेखी उत्तर माझ्या हातात हवं.

तुझी ताई