कोरी गाठ

४ जानेवारी
आधी कबुली देऊन टाकतो, म्हणजे सुटलो. दादाच्या घरी आलो आणि पहिल्याच संध्याकाळी करू नये ते केलं. त्याच्या आजाराची नक्कल.

दादाच्या डोक्यातली गाठ काढली. वहिनीला ऑफिस, आई एकटी किती करणार, म्हणून मला बोलावलं. मी खूश! नवीन गाव, लिफ्टवाली बिल्डिंग, गॅलरीकडची खोली एकट्याला. बॅग घेऊन नाचतच आत शिरलो, तर आई दादाला सूप भरवत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, चपला मध्ये काढू नकोस, दादा अडखळेल. झालं माझं स्वागत. दादा शाळेत पहिला, नोकरीत पहिला, आता आजारातही पहिलाच. मी दहावीला दोनदा बसलो, तेव्हा मला कुणी सूप भरवलं नाही.

मग डोकं सटकलं. तोंड वाकडं केलं, उजवा हात थरथरवला आणि चमच्याकडे बोट दाखवून ते... ते... ढवळायचं, असं केलं. दादा तसंच करतो, त्याला शब्द सापडत नाहीत. आईचा जीव अर्धा झाला. मला हसू फुटल्यावर पाठीत धपाटा. दादा मात्र पोट धरून हसला. अडखळत म्हणाला, हात जरा कमी हलव बारक्या, मी काय पंखा आहे का.

धपाटा खाल्ला, पण आईने पळत येऊन माझा चेहरा हातात धरला होता. पाच सेकंद का होईना.

१३ जानेवारी
दादाचा मोठा रिपोर्ट आला. आईला दवाखान्याच्या वासाने गरगरतं, ती घरीच. वहिनी आणि मी गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाठ वाईट जातीची आहे, पण तिच्या जीनमध्ये एक बदल सापडलाय. जीन म्हटल्यावर मी माझ्या पॅंटकडे बघितलं. वहिनीने कोपर मारलं. बदल म्हणजे बिघाडच, असं वाटून ती रडकुंडीला आलेली. तर बाई म्हणाल्या, इथे उलटं आहे. बदल असलेली गाठ जरा आळशी, औषधाचं ऐकते, माणूस वर्षानुवर्षं काढू शकतो. बदल नसलेली भिंगाखाली तशीच दिसेल, पण सुसाट पळते. सगळे उपचार करूनही बऱ्याच जणांना वर्ष-दीड वर्ष.

आईला एवढंच सांगितलं की रिपोर्ट चांगला आला. तिने दादाच्या तोंडावरून हात फिरवला. मी शेजारीच उभा होतो. नशीब बघा या माणसाचं, गाठसुद्धा गुणी निघाली.

२९ जानेवारी
नक्कल आता रोजची. दादाला फिटच्या आधी जळक्या रबराचा वास येतो, म्हणून मीही नाक मुरडतो. आई दचकते, मग लाटणं घेऊन मागे लागते. लाटणं तर लाटणं, माझ्या मागे धावते ना.

एक गंमत आहे. मी हात थरथरवायला लागल्यापासून दादाचा थरथरायचा थांबलाय. वहिनी म्हणते औषधं लागू पडली.

११ फेब्रुवारी
दादाने आज चमच्याला चमचा म्हटलं! आईने टाळ्या वाजवल्या. मी चहा ढवळत होतो. हातातल्या त्या वस्तूला काय म्हणतात ते मला —

आठवलं नंतर. झोप कमी झाली असेल.

१९ फेब्रुवारी
रबराचा वास. मी नाक मुरडलं नव्हतं. सगळ्यांना विचारलं, कुठे काही जळतंय का. आई म्हणाली, पुरे आता तुझी नाटकं.

दादाला वास येत नाही म्हणे. आठवडाभर आलाच नाही.

२४ फेब्रुवारी
फिट आली. खरी. आई हसत होती. वहिनीला जिभेचं रक्त दिसलं, तिने गाडी काढली.

डॉक्टरीणबाई म्हणतात हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. मग दादा जिना चढतोय कसा? एकटा. शीळ घालत —

१२ मार्च
गाठ काढली माझी. डाव्या हाताने लिहितोय.

आई वास सहन करून इथेच बसते. मला भरवते. दादा दारात उभा असतो, त्याच्याकडे बघतही नाही. जिंकलो.

२० मार्च
रिपोर्ट. वहिनी ऑफिसात, आई आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बदल सापडला नाही. आईने पुढचं ऐकलंच नाही. बदल नाही म्हणजे सगळं ठीक, असं म्हणत मावशीला फोन करायला पळाली. बाई तिला हाक मारणार, तर मी ओठांवर बोट ठेवलं.

दादाचे जुने शर्ट, जुनी सायकल, जुनी पुस्तकं वापरली मी जन्मभर. हे एवढं कोरं मिळालं.

त्याच्यात बदल. माझ्यात नाही. इथेही पहिला तोच.

२ एप्रिल
वहिनीने विचारलं, बदल आहे ना रे? हो म्हणालो.
दादा पळतो आता. सकाळी. खाली. मला वरून दिसतो. मेल्या, पड ना —
नको. पडू नको.

९ एप्रिल
आई केस... केस नाहीत, तरी हात फिरवते. माझ्या. फक्त माझ्या. तिला वाटतं मी बरा —
वाचणाऱ्या, पाया पडतो. सांगू नकोस. दादाला नको, वहिनीला नको. आणि त्या... सूप भरवते ती... तिला तर अजिबात —
नाव काय तिचं. आपण हाक मारतो ना, ती. सांगू नकोस. कुणाला सां