महिन्याच्या चार गोळ्या

आई, तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्हाला पत्र लिहायचं मला कधी सुचलंच नाही. मी मॅट्रिक झालेली सून, त्यामुळे घरात येणारं प्रत्येक कार्ड मीच तुम्हाला वाचून दाखवायची. माझ्या वडिलांच्या कार्डातली नको ती वाक्यं मी गाळायची. तुम्ही म्हणायचात, "एवढं भरून लिहलं अन् मजकूर एवढासाच काहून वं?" आणि मी खाली बघायची. लग्नाआधी माझं डोकं एकदा बिघडलं होतं. आठ दिवस झोप नव्हती, तोंड एकसारखं चालू होतं. वडिलांनी ही गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. जबलपूरला घमापूरच्या दोन खोल्यांत नांदायला आल्यावर पाचव्याच महिन्यात ते दुखणं पुन्हा उफाळलं, आणि लपवायला काही उरलं नाही. यांनी फॅक्टरीतून अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि मला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथून पुडीत बांधलेल्या पांढऱ्या गोळ्या आल्या. रोज संध्याकाळी एक. डॉक्टर म्हणाले, "छोड़ना नहीं है, बेटी."

पण मी सोडत होतेच की. गोळी घेतली की जीभ कोरडी पडे, हात कापत, रांगोळीची रेघ वाकडी जाई. पहाटे तुम्ही तीन हाका मारल्या तरी डोळे उघडत नसत. अंग फुगायला लागलं, लग्नातल्या पोलक्यांच्या शिवणी उसवाव्या लागल्या. नवी सून म्हणून शेजारच्या बाया बघायला येत, त्यांच्यासमोर मी सुस्त बसून राही. मग मी गोळी जिभेखाली धरायची आणि मोरीत थुंकायची. एका दुपारी मोरीच्या जाळीवर अर्धी विरघळलेली गोळी तुम्हाला सापडली. ती तळहातावर घेऊन तुम्ही माझ्यासमोर उभ्या राहिलात.

"हे काय आहे?"

"ठाऊक नाही, आई."

"मले अक्षर समजत नाही. गोळी समजते."

तिसऱ्या दिवशी हिंगाची रिकामी डबी घासून, उन्हात वाळवून तुम्ही तिच्यात सगळ्या गोळ्या भरल्या आणि डबी देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या मागे ठेवली. "मले फसवशील. याले फसवून दाखव," म्हणालात. त्या दिवसापासून दिवा लावून झाला की पळीभर तीर्थ, आणि तीर्थाबरोबर गोळी. देवासमोर थुंकायची माझी छाती झाली नाही. मला धाक कोणाचा आहे ते तुम्ही बरोबर ओळखलं होतंत.

तरी मी पूर्ण बरी होईना. महिन्यातले काही दिवस चांगले जात, मी हसे, स्वयंपाक नीट होई, आणि मग अचानक तेच. झोप तुटायची, भांडी आदळली जायची, शेजारणीशी नळावर वाद व्हायचा. डॉक्टर विचारत, "दवा रोज़ लेती हो?" आणि मी म्हणे, "जी, रोज़." ते कपाळावर आठ्या पाडून दवाखान्याच्या कार्डाकडे बघत बसत. शेवटी म्हणाले, असंच राहिलं तर दवा वाढवावी लागेल, कदाचित भरती करावं लागेल. ही गोष्ट तुमच्या जाऊबाईंच्या कानावर गेली. बाजूच्याच खोलीत राहायच्या त्या, भिंतीतून सगळं ऐकू जायचं. त्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "फसवून गळ्यात मारली पोरगी. दिवाळीले माहेरी पोहचवा अन् परत आणूच नका. पोराले दुसरी करून द्या." मी आत गहू निवडत होते. तुम्ही ठणकावून नाही म्हणाल म्हणून मी कान लावून बसले. तुम्ही कढी ढवळत राहिलात आणि एवढंच म्हणालात, "दिवाळीपर्यंत पाहू." ते वाक्य मला जाऊबाईंच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. दिवाळीला तीन महिनेही नव्हते.

आणि मग तो रविवार. घरातल्या प्रत्येक वस्तूची मला नोंद ठेवायची सवय, दूध किती, रॉकेल किती, धोब्याकडे कपडे किती. मी डबी काढून तुम्हाला म्हणाले, "आई, या खेपेला दवाखान्याच्या लायनीत उभं राहायला नको. गोळ्या उरल्या आहेत, बचत झाली." तुम्ही हातातलं सूप खाली ठेवलंत. डबी थाळीत उपडी केलीत आणि डाळीतले खडे वेचावेत तशा एकेक गोळ्या बाजूला केल्यात. वीस निघाल्या.

"किती महिन्यांच्या?"

"पाच."

तुम्ही बोटांच्या पेरांवर मोजलंत. मग माझ्याकडे बघितलंत, देव्हाऱ्याकडे बघितलंत, आणि दाराजवळच्या त्या कोपऱ्याकडे बघितलंत, जिथे माझं गोणपाट आणि वेगळा लोटा असायचा. महिन्यातले चार दिवस मी बाहेर बसायची. देव्हाऱ्याला हात नाही, स्वयंपाकघरात पाऊल नाही. आणि गोळी देवापाशी. चार दिवस गोळी नाही, पाचव्या दिवशी डोक्यावरून नाहून मी घरात येई तोवर दुखणं माझ्या आधी आत शिरलेलं असे. तुम्ही बाळकृष्णाला राखण ठेवलंत, पण त्याच्याकडे जायची वाट महिन्यातले चार दिवस बंद होती, हे ना तुमच्या लक्षात आलं, ना यांच्या. डॉक्टर तर पुरुषमाणूस, त्यांना कोण सांगणार?

पुढच्या महिन्यात मी कोपऱ्यात बसले. दिवेलागणीला तुम्ही सोवळ्यात देवापुढे दिवा लावलात, आरती म्हणालात. जाऊबाई तुमच्याच पाटावर माळ ओढत बसल्या होत्या. तुम्ही आतून आलात ते पळी आणि गोळी घेऊन. मला वाटलं, वरून टाकाल. मी ओंजळ पुढे केली. तुम्ही वाकलात, माझं मनगट धरलंत आणि गोळी माझ्या तळव्यावर ठेवलीत.

जाऊबाई ओरडल्या, "अवं बाई! शिवली ना तिले! सोवळं मोडलं!"

"मोडलं तं मोडलं. पुन्हा न्हातो आपण."

"अन् देव?"

"देवाले काय झालं? त्याची आरती झाली आहे." मग माझ्याकडे वळून, "गिळ. आता तोंड दाखव." आणि तसंच वाकलेलं राहून जाऊबाईंना म्हणालात, "सोवळं पाण्यानं परत येते. पोरगी गेली तं येईल काय?"

आई, त्यानंतर दर महिन्याला चार दिवस तुम्ही संध्याकाळी दुसऱ्यांदा आंघोळ केलीत. पौष महिन्यातही, जबलपूरच्या त्या हाडात शिरणाऱ्या थंडीत, बंबात पुन्हा लाकडं न घालता, गार पाण्यानं. मी एकदा म्हणाले, डबीच बाहेर ठेवा ना, तुम्हाला त्रास नको. तुम्ही म्हणालात, "बाहेर ठेवली की तू मोरीकडे जाशील. देवाचा धाक राहू दे. माझं काय, मले आंघोळीनं झोप चांगली लागते." खोटं होतं ते. तुमचे दात वाजताना मी ऐकले आहेत.

दिवाळी आली. त्या दिवाळीचे अनारसे मी एकटीनं तळले आणि एकही तुपात विरघळला नाही. जाऊबाईंनी चार खाल्ले, पाचवा पदरात बांधून नेला, आणि माहेराचं नाव कोणी काढलं नाही. देवदिवाळीनंतर तुम्ही स्वतः माझ्याबरोबर दवाखान्यात आलात आणि तुमच्या मोडक्या हिंदीत डॉक्टरांना सगळं सांगितलंत, चार दिवस, देव्हारा, वीस गोळ्या, काही न लाजता. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अम्मा, गलती मेरी है. मैंने कभी पूछा ही नहीं." दवा वाढली नाही. बाहेर आल्यावर तुम्ही पदर सावरत म्हणालात, "एवढा शिकला अन् बाईले पाळी येते हे माहीत नाही याले." मी रस्त्यात उभी राहून हसले, बऱ्याच महिन्यांनी, आणि ते हसू दुखण्याचं नव्हतं.

पुढे दोन मुलं झाली. दोन्ही वेळेस डॉक्टरांना आधी विचारूनच सगळं केलं, कारण तुम्ही तशी शपथ घातली होतीत. आणि तुम्ही गेलात तेव्हा सुतक लागलं. तेरा दिवस देवाला दिवा नाही, पूजा नाही. पहिल्या संध्याकाळी घर रडत होतं, मीही रडत होते. दिवेलागणीची वेळ झाली तशी मी उठले, देव्हाऱ्यात हात घातला, डबी काढली आणि गोळी गिळली. सुतकात देवाला शिवले म्हणून कोणी काही बोललं नाही. बोललं असतं तर काय उत्तर द्यायचं ते मला पाठ होतं.

आता माझे केस तुमच्यापेक्षा पांढरे झाले आहेत. इथेच मदन महल भागात मुलानं घर बांधलं, त्याची मुलं मराठी समजतात पण उत्तर हिंदीत देतात. दवाखान्यात आता एक तरुण डॉक्टरीण आहे. आज सकाळी तिनं माझं जुनं कार्ड बघितलं आणि म्हणाली, "आंटी, मेरी उम्र से ज़्यादा साल हो गए आपकी दवा को! एक भी बार भरती नहीं?" मी म्हटलं, "एक भी बार नहीं." आई, ऊर भरून आला हो माझा. तिनं मला बाहेर बसलेल्या एका मुलीशी बोलायला सांगितलं. बावीस-तेवीसची पोर. स्थळं बघणं चालू आहे, गोळीनं जाडी होईन, कोणी पाहिलं तर लग्न मोडेल, म्हणून तिनं औषध सोडलं होतं. तिच्या शेजारी बसून मी तुमची सगळी गोष्ट सांगितली. दुसऱ्या आंघोळीवर ती खुदकन हसली. मग माझ्याकडे बारीक नजरेनं बघत म्हणाली, "पर आंटी, पाँच महीने? आपको सच में पता नहीं चला था?"

तुम्ही हे कधी विचारलं नाहीत. मी तिला खरं तेच सांगितलं, आणि ते ऐकल्यावरच तिनं पर्समधून गोळ्यांचं पान काढलं आणि माझ्या बाटलीतल्या पाण्याबरोबर एक घेतली. पण तिच्या आधी ते तुम्हाला सांगायला हवं होतं, म्हणून बसले लिहायला. टपालात टाकायचं नाही, तेव्हा पाकीटही आणलं नाही.

त्या चार दिवसांत जीभ ओली व्हायची, आई. तुमच्या कढीची चव लागायची. हात स्थिर व्हायचे, अंगात वारं शिरल्यासारखं हलकं वाटायचं, आणि कोपऱ्यात बसून मी गुणगुणायची. ते मला हवं होतं. बचत हे निमित्तच होतं, दिवाळीला माहेरी पाठवाल या भीतीनं मी डबी तुमच्यापुढे काढली. दुखणं का परततं ते दुसऱ्याच महिन्यात मला कळलं होतं, आणि मी गप्प बसले होते.