पिठावरचं पाऊल

६ जानेवारी
सुषमाचा फोन. नवं काम सुरू झालं. पोरगी परदेशात शिकली, तिथेच राहिली. तिचं काम मला अर्धंच कळतं. न्यूट्रॉन म्हणून बारीक कण असतात. त्यांचा जबर झोत भिंतीवर सोडायचा. भिंत सगळे अडवते. तरी पलीकडे एखादा सापडला, तर तो मधल्या वेळात आपल्या जगात नव्हता. दुसरंच काही होऊन भिंतीतून गेला, पलीकडे परत कण झाला.
"दुसरं काही म्हणजे?"
"तेच शोधतोय, बाबा."


८ जाने.
मळ्यातला झेंडू पंचवटीच्या बाजारात पोचवला. वाटेत बहिणीला, अक्काला, सांगितलं. ती हसली. "म्हंजी तुझी पोर भुतं धरती. पगार देत्यात व्हय त्याचा?"
मला हसू आलं नाही.

११ जाने.
सु. म्हणाली, "आईच्या पावलासारखंच हे. गेलेलं दिसत नाही, खूण दिसते."
ही गेली तेव्हा सु.ला येता आलं नाही. जीव गेला त्या जागी पीठ पसरलं, शेजारी दिवा, पिठावर टोपली. ज्याचं पाऊल उमटेल, त्या जन्मात जीव गेला म्हणतात. सकाळी पाखराचं पाऊल. मीच फोटो पाठवला. एवढी शिकलेली, पण तो रोज बघते. म्हणते, आई पाखरू झाली.
मग म्हणाली, "आम्हाला भीती एकच. खूण आपल्याच हातून पडायची, अन् आपण ती पलीकडची समजायचो."


१२ जाने.
लिहून टाकतो. टोपली उचलली तेव्हा पीठ कोरं होतं. पसरलं तसंच. बाकीचे आत यायच्या आधी मी बोटं टेकवली. तुझी आई कुठेच गेली नाही, असं पोरीला कसं सांगणार होतो?

१५ जाने.
सु.चा फोन दोनदा घेतला नाही. मळ्याला पाणी द्यायचं राहिलं. सांगितलं तर तिची आई दुसऱ्यांदा जाणार. नाही सांगितलं तर

१९ जाने.
दुपारी सांगितलं. एका दमात.
रडेल वाटलं. रडली नाही. कामावरच्या आवाजात विचारलं, "किती बोटं?"
"तीन. उजव्या हाताची. एकदाच."
"मागच्या बाजूला काही उमटवलं?"
"नाही. सुचलंच नाही."
मग हळूच, "बाबा, फोटोत मागे चौथं बोट आहे. बारीक. नखासकट."
"अंगठा लागला असेल."
"असेल. आता आठवत बसू नका. आठवून आठवून बोटं वाढतात."

२० जाने.
सु.चा निरोप. पुढच्या महिन्यात येते. तोवर फोटो कुणाला दाखवू नका, तुम्हीही बघू नका.
माझ्या फोनमध्ये आहे तो. उघडला नाही.
पण हात आठवतो. हिची जोडवी त्याच हातात होती. अंगठ्याने तळव्याशी दाबून धरलेली. पडली नाहीत. म्हणजे अंगठा