शून्य नकाराची पॉलिसी

१२ मे, सोमवार. सकाळ.

संकल्प: या महिन्यात सिस्टीम हेड व्हायचं. अमरावती आणि अकोला, दोन्ही युनिटचा. मनाने मी झालेलोच आहे, फक्त ऑर्डर निघायची बाकी. नांदगाव पेठच्या आमच्या कापड कंपनीत सर्व्हर म्हणजे किशोर, किशोर म्हणजे सर्व्हर. दुसरं आहेच कोण?

संध्याकाळ.

दुसरं आहे. गीतांजली नाव. अकोल्याच्या युनिटचा सर्व्हर सांभाळते. आज उत्तमराव साहेबांनी (आमचे जनरल मॅनेजर) तिला मीटिंगला बोलावलं होतं. विषय: मेल स्कॅनर. म्हणजे येणाऱ्या प्रत्येक मेलचं अटॅचमेंट उघडून त्यात व्हायरस आहे का बघणारा प्रोग्राम. तो मीच बसवलाय. पण मला कोणी विचारलं नाही, तिला विचारलं.

ती म्हणाली, "साहेब, स्कॅनर दिवसभर जगाची घाण उघडून पाह्यते. एखादी घाण त्यालेच लागली, तर तो साऱ्या सर्व्हरमंधी फिरन. म्हणून त्यानं कुठं जायचं ते आधीच लिहून ठेवा लागते. लिहिलं नाही तिथं बंद. तुमी सांगा का मी सांगो, बंद म्हणजे बंद."

साहेब म्हणाले, "वा!" इतक्या वर्षांत मला साहेबांकडून 'वा' मिळालेलं नाही. मला 'हं' मिळतं. चांगलं काम झालं तर 'हं हं'.

मग माझ्याकडे वळून विचारलं, असली पॉलिसी आपल्याकडे आहे का? आहे. म्हणजे सर्व्हरमध्ये ती सोय आहे. बसवल्याबसवल्या दर गोष्टीला अडवायला लागली म्हणून मी ती पहिल्याच दिवशी बंद करून टाकली होती. साहेबांना सांगितलं, "विचाराधीन आहे." साहेब म्हणाले, "हं."

ठरलं असं: दोघांनी आपापल्या युनिटच्या स्कॅनरची पॉलिसी लिहायची. २६ तारखेला दाखवायची. हेडचं त्यानंतर बघू. माझ्या पोटात आग पडली आहे. उन्हाचा परिणाम असावा.

१३ मे, मंगळवार.

पॉलिसी ट्रायलवर सुरू केली. ट्रायलमध्ये ती अडवत काहीच नाही, फक्त लॉगमध्ये लिहून ठेवते की स्कॅनर अमुक ठिकाणी गेला, नियम लागू असता तर मी नकार दिला असता. दुपारपर्यंत नकारांचा ढीग. स्कॅनरने श्वास घेतला तरी नकार. पॉलिसी नाही, सासू आहे.

संकल्प: हा ढीग गीतांजलीच्या आधी शून्यावर आणायचा. ज्याच्या लॉगमध्ये नकार नाही, त्याची पॉलिसी पक्की. साधा हिशोब आहे.

१५ मे, गुरुवार.

ती आठवडाभर इथेच आहे, कंपनीच्या गेस्ट हाऊसवर. आज सहज तिच्या टेबलावरून गेलो (दोनदा). लॉगची एकेक ओळ वाचून समोर 'हो' किंवा 'नाही' लिहीत बसली होती. आणि कारण! प्रत्येक ओळीला कारण! अशा वेगाने तिची पॉलिसी दिवाळीत तयार होईल. मला तिची जवळजवळ दया आली. पूर्ण नाही आली.

माझ्याकडे टूल आहे. लॉग त्यात टाकायचा, एंटर मारायचं. जितके नकार, तितक्या परवानग्या आपोआप लिहून मिळतात. वाचायची गरज नाही. याला अनुभव म्हणतात.

१७ मे, शनिवार.

साहेबांचा हुकूम: "किशोर, गीतांजलीले आज तुह्या घरी जेवाले ने. गेस्ट हाऊसचं खाऊन पोरगी कटाळली." मी इतकी वर्षं कॅन्टीनचं खातोय, माझ्या कंटाळ्याची कोणी चौकशी केली नाही.

शालूने पातोडीचा रस्सा केला. माझी बायको. माझी पातोडी. मला ती हवी असेल तर चार दिवस आधी सांगावं लागतं, वर ऐकावं लागतं की बेसन वाटायला, आपलं, भिजवायला वेळ कोणाकडे आहे. हिच्यासाठी मात्र कोणी न सांगता! आणि वाटीत मला दोन वड्या, तिला किती ते मी मोजलं नाही. माझ्यापेक्षा जास्त.

जेवणानंतर दोघी स्वयंपाकघरात कितीतरी वेळ बोलत होत्या. हसण्याचे आवाज. ती गेल्यावर शालू म्हणाली, "आयका ना, गीतांजली सांगून राहिली होती का..." मी तिथेच थांबवलं. या घरात ते नाव निघणार नाही. शालू म्हणाली, "अवो पण तुमच्याच कामाचं हाये!" म्हटलं, बंद म्हणजे बंद.

(हे वाक्य माझंच आहे. तिनेही वापरलं असेल.)

२० मे, मंगळवार.

शून्य!!

सकाळी लॉग टूलमध्ये टाकला, दुपारी परत टाकला, जे उरले ते चहानंतर टाकले. लॉग स्वच्छ. एक नकार नाही. राजकमल चौकातून गिल्ला वडा मागवून अकाउंट्सवाल्यांना खाऊ घातला. कशाबद्दल ते सांगितलं नाही. मोठी माणसं आधी सांगत नाहीत.

एक विचार मनात येऊन गेला, की हेडची केबिन कोणती मिळेल. खिडकीची मागावी. पश्चिमेची नको, ऊन येतं.

२३ मे, शुक्रवार.

गीतांजली अकोल्याहून परत आली आहे. कॅन्टीनमध्ये साहेब आणि ती चहा पीत होते. साहेब हसत होते. साहेबांना दात आहेत हे मला आज कळलं.

मी जाऊन मुद्दाम तिथेच बसलो. तिला विचारलं, किती नकार शिल्लक? म्हणाली, "हायेत काही. ते मी ठेवूनच देल्ले." ठेवूनच दिले! म्हणजे जमले नाहीत. मी म्हटलं, आमचा लॉग मंगळवारीच शून्य झाला. तिने डोळे मोठे केले. "सारे वाचले का किशोरभाऊ?" म्हटलं, अनुभवी माणसाला वाचावं लागत नाही.

त्यावर ती हळूच म्हणाली, "कापसाच्या गाठीचे फोटो म्हणून एक मेल आली होती, दोन्ही युनिटले. ते उघडल्यावर स्कॅनर पगाराच्या फोल्डरमंधी जाऊन राहिला होता. तुमच्याकडंबी आली असन ते ओळ. पाहून घेजा बरं."

किती गोड आवाजात! मला सगळा डाव समजला. मी आता परत लॉग उघडावा, पहिल्यापासून वाचत बसावा, आणि २६ तारीख निघून जावी. मी काही बह्याड नाही. उघडलाच नाही.

रात्री झोप आली नाही. पातोडीच्या वड्या मोजत होतो.

२६ मे, सोमवार. दुपार.

लिहिणार नव्हतो. पण लिहितो.

आधी तिची पॉलिसी पडद्यावर. चार-पाच पानं. मग माझी. इतकी लांब, की साहेबांनी माउसचं चाक फिरवता फिरवता बोट बदललं. मी अभिमानाने उभा. साहेबांनी सांगितलं, आता ट्रायल नको, दोन्ही पॉलिसी खऱ्या लागू करा आणि गाठीच्या फोटोंची ती मेल दोन्हीकडे परत टाकून पाहा.

अकोला: स्कॅनरने मेल उघडली, पगाराच्या फोल्डरकडे वळला, अडला. नकार. मेल बाजूला.

अमरावती: स्कॅनरने मेल उघडली, पगाराच्या फोल्डरकडे वळला, आत गेला. एकेक फाइल उघडून बघितली. साहेबांचा पगारही बघितला. कुठे काही अडलं नाही. लॉगमध्ये शून्य नकार. दोन्ही ठिकाणी इंटरनेटची वायर काढून ठेवली होती, म्हणून फाइली बाहेर गेल्या नाहीत. ती वायर काढायला तिने सांगितलं होतं.

साहेबांनी विचारलं, "किशोर, तुह्या पॉलिसीत नाही कशाले हाये? एक दाखव."

मी शोधलं. वर गेलो, खाली आलो. सगळीकडे परवानगीच होती. पार प्रिंटरपर्यंत. साहेब म्हणाले, "गेटवर वॉचमन बसवला, अन् येईन त्याले चावी देल्ली." अकाउंट्सवाले हसले. त्यांनी गिल्ला वडा खाल्ला होता.

संध्याकाळ.

निघताना साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले. ते कधी बस म्हणत नाहीत.

म्हणाले, "किशोर, हेड तूच होतास. गीतांजलीनं पहिल्याच दिवशी मले सांगतलं, मले अकोल्यातच राहू द्या, किशोरभाऊले करा. म्या म्हटलं ठीक. तुही पॉलिसी एकदा पाह्यची अन् सही कराची, एवढंच बाकी होतं. आता कसा करू? पगाराचं फोल्डर उघडं टाकणाऱ्याले दोन युनिट कसे देऊ?"

मी "हं" म्हणालो.

घरी आलो. शालूने विचारलं, कोण झालं? म्हटलं, गीतांजली. तिने हातातली परात खाली ठेवली. "अवं माय! तिले तर नाई पायजे होतं! घरी मायच हाये एकटी, मनकर्णाबाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तिचं. मी तिले सोडून कशी येऊ म्हणे. किशोरभाऊले मिळालं तं मी सुटली, असं म्हणून राहिली होती त्या दिवशी. तेच सांगून राहिली होती ना मी! तुमी बोलू देल्लं का?"

मला तिचा हेवा वाटत होता. लपवत नाही, रोज वाटत होता, तिच्या टेबलाचा, तिच्या 'वा'चा, तिच्या वाटीतल्या वड्यांचा. आणि ती माझ्या बाजूने बोलत होती. आता हेवा कोणाचा करायचा हेही कळत नाही. शालूने वाढलं, मी जेवलो नाही.

२८ मे, बुधवार.

एक समाधान आहे. मला हवं ते तिला मिळालं, पण तिला ते नको होतं. म्हणजे तीही दुःखी. हिशोब बरोबर.

दुपारी कळलं की साहेबांनी तिला आठवड्यातले तीन दिवस अकोल्याहूनच काम करायची मुभा दिली. हेडला मुभा असते.

हिशोब चुकला.

२ जून, सोमवार.

गीतांजली मॅडम हजर झाल्या. (हेडला मॅडम म्हणतात.) खिडकीची केबिन मिळाली. पश्चिमेची. त्यांनी पडदा लावून घेतला, ऊन येत नाही.

मला बोलावलं. वाटलं, आता ऐकवणार. त्या ऐकवत नाहीत, हा त्यांचा दोष आहे. माझा जुना लॉग पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "आपण सुरुवातीपासून करू. एकेक ओळ वाचा. हो का नाही ते लिहा, अन् काहून ते लिहा. टूल नका लावू."

बसलो. वाचलं. खरं सांगतो, या सर्व्हरचा लॉग मी पहिल्यांदा वाचला. स्कॅनर बिचारा काय काय करतो! मेल घेतो, उघडतो, बघतो, परत ठेवतो. हो. हो. हो. पगाराच्या फोल्डरची ओळ आली, तिथे मॅडमचंच 'नाही' आधी लिहिलेलं होतं, ते माझं धरता येत नाही.

मग दुपारी चार वाजता एक ओळ सापडली. स्कॅनर रोज सकाळी एका अनोळखी फोल्डरमध्ये शिरत होता, गुपचूप, काहीतरी वाचून बाहेर येत होता. माझे कान टवकारले. कारण लिहिलं, 'संशयास्पद हालचाल.' आणि समोर मोठ्या अक्षरात लिहिलं: नाही. माझ्या नोकरीतला पहिला नकार. कागद स्वतः केबिनमध्ये नेऊन दिला आणि उभा राहिलो. आता 'वा' येणार हे मला दिसत होतं.

मॅडमनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "किशोरभाऊ, व्हायरस कसे दिसते त्याची यादी हाये ते. रोज सकाळी ते पाहून तो कामाले लागते. हेच बंद केलं तं तो ओळखीन कोणाले? इथं हो लिहा."

लिहिलं.