ले मॉर्नपुढची टोपी

शारजा, शनिवार संध्याकाळ

मुक्ता, माझी लेक, मॉरिशस फिरून आली. मोबाईलवर फोटो दाखवत होती. ले मॉर्नचा काळा डोंगर तिच्या गवती टोपीमागे अर्धा झाकलेला. मी म्हणालो, "अगं, पळालेले गुलाम इथेच लपायचे. पकडले जाण्यापेक्षा त्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, म्हणतात."

"बाबा, प्लीज, नो स्पीच!"

स्वयंपाकघरातून बायको हसली. "खलास! यांचं व्याख्यान सुरू."

व्याख्यान? दोन वाक्यं बोललो होतो! इथल्या मराठी मंडळात भाषणाला उभा राहिलो की याच आवाजाला टाळ्या पडतात. आणि स्वतःच्या मुलीला डोंगरामागचा इतिहास दिसावा म्हणून ती टोपी मला बाजूला करता येत नाही?

पुढचा फोटो सात रंगांच्या मातीचा. ती माझ्याकडे बघत थांबली.

"सुंदर," मी म्हणालो. घरात एवढंच बोलायची मुभा उरलीय.