न छाटलेली नीलगिरी

भोपाळ, टाउनशिप. रविवार, सायंकाळ.

उद्या सुमतीला जाऊन तीन वर्षे होतील. तिच्या तसबिरीपुढे तिनेच लावलेल्या नीलगिरीची डहाळी ठेवावी, म्हणून सकाळी अंगणात गेलो. तिला प्रिय असलेली ती गोल, रुपेरी, देठावाचून जोडीजोडीने येणारी पाने कोठेही नव्हती. सर्वत्र लांबट, हिरवी, एकेकटी पाने. झाडाला रोग लागला, असे मी समजलो.

माळी रामदीन हसला. "रोग-वोग कुछ नहीं, बाबूजी. छाँटोगे नहीं तो पत्ता लंबा ही आएगा. माताजी तो हर जाड़े में कटवाती थीं."

तीन वर्षे मीच त्याला कात्री लावू दिली नव्हती. तिच्या झाडाचे एक पानही तुटू नये, हा माझा हट्ट. दर हिवाळ्यात ती छाटणी करवीत असे तेव्हा मी काय करीत होतो? वर्तमानपत्र वाचत होतो?

"आता छाटली तर गोल पाने येतील?"

"आएँगी. कल थोड़े ही आएँगी!"

आज सायंकाळी मी स्वतः कात्री चालवली. एक लांबट पान चुरडले. वास तोच, तिच्या हातांना येणारा.

उद्या हीच पाने ठेवीन. गोल पानांसाठी तिला थांबावे लागेल. माझ्यासाठी थांबण्याची तिला सवय होती.