अर्धं उत्तर

पप्पा, तुमच्याशी मराठीतच बोलते, कारण ही भीती मला हिब्रूत सांगता येत नाही.

मुंबईत तुम्ही शाळेत रसायन शिकवत होतात. इस्रायलमध्ये अश्दोदला आल्यावर बंदराच्या गोदामात लागलात. ड्युटीवरून आलात की चहा घेत स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मला टायट्रेशनची गणितं शिकवायचात. तुमचं सूत्र एकच, नॉर्मॅलिटीचं. आमच्या शाळेत मोल मोजायचे. हायड्रोक्लोरिक आम्ल असलं तर दोन्हीकडून उत्तर सारखंच. सल्फ्युरिक आम्ल मात्र दोन हायड्रोजन देतं. ते दुप्पट तुमच्या आकड्यात आधीच धरलेलं असे, आमच्या पुस्तकातल्या आकड्यात नसे. सराव परीक्षेत मी पुस्तकाचा आकडा तुमच्या सूत्रात घातला आणि उत्तर अर्धं आलं.

"नॉर्मॅलिटी शिकवत नाहीत? नॉन्सेन्स! मग टायट्रेशन काय डोळे मिटून करतात?"

"दाय, पप्पा," मी हिब्रूत म्हटलं. पुरे.

तुम्ही हसलात. पण त्यानंतर टेबलाशी बसला नाहीत.

बग्रूतमध्ये, शाळा संपतानाच्या त्या परीक्षेत, पहिलाच मोठा प्रश्न सल्फ्युरिक आम्लाचा. रसायनात पडले तर लॅबच्या कोर्सला प्रवेश नाही, आणि तुम्ही सिनेगॉगमध्ये सगळ्यांना आधीच सांगून बसलेले. हात गार पडले आहेत. पेन आपणहून तुमचं सूत्र लिहितं. मी ते खोडते, दोनाने गुणते, मग वाटतं, हे आधीच गुणलं होतं का? पर्यवेक्षक बाई शेजारी येऊन उभ्या राहतात आणि मी पुन्हा पहिल्यापासून मांडते.

फाटकाबाहेर तुम्ही बंदराच्या कपड्यांतच उभे. "सांग आकडे." मी सांगते. तुम्ही ओठ हलवत मनातल्या मनात हिशेब करता आणि मी त्या ओठांकडे बघत राहते. तेव्हा मला नापास होण्याची तेवढी भीती नव्हती; तुम्ही चुकाल याची होती.

"माझ्या रीतीने निम्मं येतं, पॉइंट शून्य पाच. तुझं?"

"पॉइंट एक. पूर्ण."

तुम्ही माझा दंड धरलात. "म्हणजे माझं नाही ना लिहिलंस?"

"नाही."

"शाब्बास. वाचलीस बघ, बाय." तुमचा हात माझ्यापेक्षा गार होता.

मी पास झाले, लॅबमध्ये लागले, अजून तिथेच आहे. तुम्ही मला पुन्हा कधी काही शिकवलं नाहीत. मला वाटायचं, थकला असाल.

आता तुम्ही नाही; हे मी कुणाच्या पत्त्यावर टाकणार? पण परवा माझी लेक पुस्तक घेऊन स्वयंपाकघरात आली. "इम्मा, हे समजावून दे ना," म्हणाली, हिब्रूत. टायट्रेशनच होतं. मला रोज करावं लागणारं गणित. पान बघितलं, मांडणी आमच्या वेळेची नव्हती. मी म्हटलं, "माझे हात ओले आहेत. शाळेत बाईंना विचार."

हात कोरडे होते, पप्पा.